कासव वर जातं

“काठी सोडू नको गं कासवे, काठी सोडू नको, बोलशील तर पडशील, दात उघडू नको!”

आईला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी दलंदाच्या कानांत तो सूर होताच. दोन हंसांनी काठीला धरून आकाशातून नेलेलं कासव बडबडलं आणि पडलं. दलंदा मात्र कधी पडली नाही. तिच्या चित्रांची दोन पुस्तकं निघाली. दोन्हींवर नाव एकट्या प्रकाशक लमीनसाहेबांचं. तिनं काठी घट्ट धरून ठेवली.

तिसरं पुस्तक त्या कासवाचंच. स्फाक्स शहरातल्या वाचनालयात मुलं चटईवर बसली, तेव्हा कुठं पुस्तकांचा गठ्ठा आला. लमीनसाहेबांनी अरबी पुस्तकं उघडतात तसं उजवीकडून पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मुखपृष्ठ ठीक, आत पानं उलट्या क्रमानं. पहिल्याच पानावर कासव फुटून पडलेलं!

“मुक्दादकाका, हे काय बांधलंत?”

म्हातारा बांधणीवाला ओशाळला. “उन्हाळाभर फ्रेंच पुस्तकं बांधली, साहेब. ती डावीकडून उघडतात. हाताला सवय झाली.”

“आणि डोळे?”

“डोळे हाताच्या भरवशावर होते.”

मुलं चुळबुळायला लागली. लमीनसाहेबांनी घसा खाकरला. “एक होतं कासव. ते... पडलेलं होतं.”

“मग?”

पान उलटलं. कासव हवेत, तोंड उघडं. “मग ते... बोललं.”

“बोललं आणि वर उडालं!” पुढं बसलेली एक चिमुरडी ओरडली.

पुढं हंस आले, काठी आली, शेवटी तळं आणि सोबती. मुलांनी वाचनालय डोक्यावर घेतलं. “परत! परत वाचा!”

कोपऱ्यात दलंदा खजुराच्या मिठाईचा, मकरूदचा, तुकडा दातांत धरून तशीच थांबली होती.

“चित्रं कुणी काढली?” चिमुरडीनं विचारलं.

“आम्हीच, बाळा,” साहेब सवयीनं म्हणाले.

“मग कासवाला तुमचंच नाक का काढलंत?”

साहेबांचा हात नाकाकडे गेला. मुक्दादकाका छताकडे बघायला लागले.

दलंदानं मकरूद बशीत ठेवला. बोटं पुसली.

“ते नाक मी काढलंय,” ती म्हणाली. “कासव पण मीच. तिन्ही पुस्तकांतलं एकूण एक चित्र माझं आहे.”