चावऱ्या मशीनची दुरुस्ती

ठिणगीने (हे घरातलं नाव, दाखल्यावरचं नाव बरंच शांत आहे) शनिवारी सकाळी ठरवलं, की कॉफीची मशीन आपणच उघडायची. ठरवायला तिला इतका कमी वेळ लागला, की तेवढ्यात तिच्या बाबांचा चष्मासुद्धा पुसून झाला नसता.

मशीन तिचीच होती. पहिल्या पगारातून घेतलेली, वापरलेली, पण अजून रुबाब राखून असलेली एस्प्रेसो मशीन. कॉफी झकास करायची, फक्त चावायची. अंगाला हात लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या. आई रबरी चप्पल घालून, लांबून, लाकडी डावाच्या टोकाने बटण दाबायची. आत्याचं मात्र म्हणणं, की या झिणझिण्यांनी आपलं आखडलेलं बोट सुटलं. ती कॉफी पीतच नसे, नुसता हात लावून जायची.

बाबांनी शेवटी निकाल दिला होता. "उद्यापर्यंत ही चावायची थांबली, तर ऑफिसजवळच्या त्या खोलीत खुशाल एकटी राहा. नाही थांबली तर मशीन भंगारात आणि खोलीचा विषय बंद. एक यंत्र सांभाळता येत नाही आणि म्हणे वेगळा संसार थाटणार."

"संसार नाही बाबा. खोली."

"तेच ते."

ती खोली ठिणगीला इतकी हवी होती, की तिचं दार कसं लावायचं याचा सराव ती मनातल्या मनात करत असे. तिथे कुणी 'पंखा दोनवर ठेव' म्हणणार नव्हतं.

"वायरमनला बोलावू या का?" आईने विचारलं.

"मी असताना?" बाबा म्हणाले.

"मी असताना?" ठिणगीही त्याच क्षणी म्हणाली. आईने दोघांकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

ठिणगीने प्लग काढला (एवढी अक्कल होती), स्क्रू वाटीत ठेवले आणि मागचा पत्रा उचलला. आत एक हिरवी वायर कशालाही न चिकटता लोंबकळत होती. तिच्या टोकाची कडी गंजून पत्र्यापासून सुटली होती.

"अर्थिंग सुटलंय," ती डॉक्टरच्या आवाजात म्हणाली.

"नट उलटा फिरवतेयस," बाबा तिच्या खांद्यावरून म्हणाले.

"तुमच्या बाजूने उलटा दिसतो."

"माझी बाजू चुकीची कशी असेल?"

तिने कडी पॉलिश पेपरने घासली, पत्र्यावरचा गंज खरवडला, नट करकचून आवळला आणि पत्रा लावला. खरं तर वायर सुटली म्हणून मशीन चावत होती हे अर्धंच खरं. मुळात आत कुठेतरी करंट गळत होता, तो कुठे हे शोधायचं होतं. पण त्याला वेळ लागला असता, आणि वेळ हा प्रकार ठिणगीला कधी मानवलेला नाही. गळणारा करंट अर्थिंगमधून जमिनीत जाईल, संपलं. तिने प्लग लावला आणि बटण दाबलं.

"या बाबा. लावा हात."

बाबा चप्पल काढून, बाह्या सरसावून पुढे आले. त्यांचा हात पोचायच्या आधीच, दुरुस्ती झाली म्हणून चपला काढून फ्रिज उघडणाऱ्या आईचा आवाज आला, "अगं बाई." तिने दूध जिथल्या तिथे सोडलं. मग बाथरूममधून आत्या कपडे धुण्याची मशीन सोडून बाहेर आली. "तिकडेही सोय केलीस का गं? माझी दोन्ही मनगटं सुटली."

ठिणगीने टेस्टर लावला. कॉफी मशीनला लावला, दिवा पेटला. फ्रिजला लावला, पेटला. ओव्हनला लावला, तिथेही पेटला.

"आधी एकटीच चावत होती," बाबा समाधानाने म्हणाले. "आता तू तिचं खानदान उभं केलंस."

तिने झटकन प्लग उपटला. सगळं घर पुन्हा गरीब झालं. म्हणजे करंट हिरव्या वायरीत शिरत होता, पण जमिनीत न जाता घरभर पाहुणचार घेत हिंडत होता.

"बाबा, या घरातलं अर्थिंग कुणी केलंय?"

बाबांनी चष्मा काढला. "मीच. परक्या माणसावर काय विश्वास ठेवायचा?"

ठिणगी हिरव्या वायरीच्या मागे निघाली. वायर फ्रिजमागून वर चढली, दारावरून गेली, बैठकीतल्या पडद्याच्या दांडीला चिकटपट्टीने बांधून पुढे सरकली, खिडकीतून गॅलरीत उतरली आणि कोरफडीच्या कुंडीत शिरली. कुंडी प्लास्टिकची.

"ही कुंडी आहे," ठिणगी म्हणाली.

"माती आहे तिच्यात."

"आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"माती काय मजला विचारून काम करते?"

"मी रोज यात हात घालून तण काढते," आई म्हणाली. तिचं बोलणं कुणी ऐकलं नाही.

"म्हणजे माझी दुरुस्ती बरोबर. तुमचं अर्थिंग खोटं. खोली माझी."

"मशीन चावते का? चावते. विषय बंद."

"हे सोंग मी आत्ताच्या आत्ता काढते," म्हणत ठिणगीने वायर धरली आणि हिसका दिला. चिकटपट्टी बाबांनी लावलेली होती, म्हणजे ती भिंत सोडेल पण वायर सोडणार नाही अशी. आधी पडद्याची दांडी आली, मग पडदे आले, आणि दुसऱ्या हिसक्याला कोरफड कुंडीसकट खिडकी ओलांडून बैठकीत आली. धुतलेले कपडे तिथेच घडी घालून ठेवलेले होते.

"वाट पाहवत नाही म्हणजे नाही," बाबा म्हणाले.

"कुंडीत अर्थिंग करणाऱ्याने बोलू नये."

"बस," आई म्हणाली. मातीतून स्वतःची साडी उचलून तिने झटकली. "खोली तुझी. आजच जा."

"अगं, पण अट—" बाबा म्हणाले.

"अट गेली कुंडीत. असला एक माणूस मी कसाबसा सांभाळते. दोन नाही झेपत."

पगार, वय, रोजचा प्रवास, माणसाचं स्वातंत्र्य, असे महिनाभर घोटून ठेवलेले मुद्दे ठिणगीच्या ओठांवर तयार होते. पण ऐकायला विरोधी पक्षच उरला नव्हता. बाबा चष्मा पुसत कोरफडीकडे बघत होते.

"एवढी काय घाई आहे?" ठिणगी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच.

आत्याने तोवर सुटलेल्या मनगटांनी माळ्यावरची बॅग खाली काढलीसुद्धा होती.