अनोळखी इसमासाठी थांबू नये

रस्ता सुरक्षा कार्यालयाचे अधीक्षक त्या दिवशी सकाळी दहा वाजता आपल्या मोटारीपाशी आले, तेव्हा त्यांच्या एका हातात किल्ली होती आणि दुसऱ्या हातात लेकीची निळी फाईल. फाईलमध्ये पोरीची सगळी मूळ प्रमाणपत्रं होती. दोन वर्षं प्रतीक्षायादीत तिष्ठल्यावर तिला पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक जागा मिळाली होती, आणि ती जागा दुपारी बारा वाजेपर्यंतच तिची होती. बाराच्या आत मूळ कागद खिडकीवर दाखवायचे; नाही दाखवले तर जागा यादीतल्या पुढच्याला. महाविद्यालय घरापासून अर्ध्या तासावर होतं. म्हणजे काळजीचं काही कारण नव्हतं. पण काळजी करायला अधीक्षकांना कारण लागतं, असं तुम्हांला कुणी सांगितलं?

काळजी हा तर त्यांचा पेशाच. ‘वाहनचालकाचे स्वसंरक्षण : काय करावे, काय करू नये’ ही पुस्तिका त्यांनीच लिहिली होती. तिच्यात ‘काय करावे’ला अर्धं पान होतं आणि ‘काय करू नये’ला एकसष्ट. गाडीचोर, लुटारू, भांडखोर, पत्ता विचारायच्या मिषानं काच खाली करायला लावणारे, मुद्दाम धक्का देऊन वर भरपाई मागणारे, अशा समस्त नगांचा तिच्यात बंदोबस्त केलेला होता. परवाना हवा तर पुस्तिकेची तोंडी परीक्षा द्यावी लागे, त्यामुळे अख्ख्या शहराला ती तोंडपाठ होती. आणि खोटं कशाला बोला, गुणही आला होता. रस्त्यावरची भांडणं निम्म्यावर आली होती. भांडायला तरी दोन माणसं थांबावी लागतात ना!

“बाबा, बसू का?” लेकीनं विचारलं.

“थांब. आधी नियम चार.”

नियम चार असा : ‘वाहनात बसण्यापूर्वी वाहनाभोवती संपूर्ण फेरी मारून व खाली वाकून कोणी दडून बसले आहे काय, याची खात्री करावी. या वेळी दोन्ही हात मोकळे असावेत.’ हात मोकळे हवेत म्हटल्यावर अधीक्षकांनी किल्ली खिशात घातली आणि फाईल गाडीच्या टपावर ठेवली. फेरी मारली. चारी चाकांपाशी वाकले. मागच्या चाकाआड एक मांजर दडून बसलेलं सापडलं, त्याला त्यांनी रीतसर समज देऊन हुसकावलं. मग कमरेला हात लावत उठले, समाधानानं गाडीत बसले आणि चारी दारं आतून लावून घेतली. फाईल टपावरच राहिली. टपावर बघावं असा नियम नव्हता.

“फाईल घेतलीत ना?” मागच्या सीटवरून लेकीनं विचारलं.

“सुरक्षित आहे. मौल्यवान वस्तूंचा गाडीत मोठ्यानं उल्लेख करू नये.”

लेकीनं ती डिकीत असेल असं धरलं. अधीक्षकांनीही तसंच धरलं होतं, कारण कागदपत्रं ते नेहमी डिकीतच ठेवत. घरात एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं की ती गोष्ट खरी असते असा समज असतो, त्यातला हा प्रकार.

पहिल्याच चौकात गाडी वळली आणि फाईल टपावरून घसरून रस्त्याच्या मधोमध पडली. मागून येणाऱ्या सतरा गाड्यांनी ती पाहिली. नियम नऊ : ‘रस्त्यात पडलेली वस्तू उचलण्यासाठी थांबू नये, तो सापळा असू शकतो.’ सतराही जणांनी मोठ्या सफाईनं तिला वळसा घातला. अठरावा होता एक रंगारी. जुनी स्कूटर, पायाशी रंगाचे दोन डबे, पाठीला आडवा बांधलेला रोलरचा लांब दांडा, अंगात लाल शिंतोडे उडालेला सदरा. त्यानं स्कूटर थांबवली, फाईल उचलली, उघडून पाहिली. आत पोरीचा फोटो आणि गुणपत्रिका. “अरे देवा, लेकराची सगळी कमाईच की ही!” असं म्हणाला, फाईल सदऱ्यात खोचली आणि जिच्या टपावरून ती पडताना त्यानं लांबून पाहिली होती, त्या पांढऱ्या मोटारीमागे सुटला.

सिग्नलला त्यानं गाडी गाठली, फाईल बाहेर काढली आणि काचेवर टकटक केली. “ओ साहेब! ओ साहेब, अहो इकडे बघा!”

अधीक्षकांनी रेडिओ मोठा केला आणि सरळ समोर पाहिलं. अनोळखी इसमाच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, हा नियम लिहिताना त्यांनी स्वतः आठ दिवस आरशासमोर सराव केला होता.

“बाबा, तो माणूस काहीतरी दाखवतोय.”

“दाखवणारच. दाखवल्याशिवाय आपण काच खाली कशी करणार? तू वाक खाली.”

“अहो, पण त्याच्या हातात निळं काहीतरी...”

“वाक म्हणतो ना!”

पोर वाकली. सिग्नल सुटला. रंगारी हात हलवत, शिट्ट्या मारत मागे. अधीक्षकांच्या छातीत धडधडू लागलं, पण त्या धडधडीत थोडा आनंदही होता, हे कबूल करायला हवं. तीन वर्षं खपून पुस्तिका लिहायची आणि आपला पाठलाग एकदाही होऊ नये, ही खंत लेखकालाच कळेल.

‘पाठलागाचा संशय आल्यास सलग चार वेळा डावीकडे वळावे. त्यानंतरही तोच इसम मागे असल्यास पाठलाग सिद्ध झाला असे समजावे.’ अधीक्षक चार वेळा डावीकडे वळले. बेकरी, चष्म्याचं दुकान, दवाखाना, परत तीच बेकरी. रंगारीही चार वेळा वळला. चौथ्या वळणावर त्याच्या रंगाचा एक डबा कलंडला आणि बेकरीसमोर लाल डबकं झालं. बेकरीवाल्यानं ते पाहून तातडीनं शटर ओढलं.

“सिद्ध झालं!” अधीक्षक म्हणाले.

“काय सिद्ध झालं? दहा चाळीस झालेत, बाबा! ते बघा, कॉलेजची कमान आली. थांबवा!”

कमान आली आणि गेली. गाडी चाळीसच्या वेगानं नाकासमोर चालली होती.

“बाबा! कॉलेज गेलं!”

“जाऊ दे. पाठलाग होत असता इच्छित स्थळी जाऊ नये. त्याला कळेल ना, आपल्याला कुठं जायचंय ते.”

“कळू दे की! तो काय माझ्याऐवजी गायीबैलांचा डॉक्टर होणारेय?”

“पोरी, माणसं काय काय थराला जातात, तुला ठाऊक नाही.”

“मला आता एकाच माणसाचं कळतंय, कुठल्या थराला गेलाय ते! गाडी थांबवा, मी चालत जाते. तुमचे ते नियम गेले खड्ड्यात!”

“खड्डे आपल्या खात्याकडे येत नाहीत,” अधीक्षक गंभीरपणे म्हणाले आणि पाठलाग चुकवायला अर्धा तास गल्लीबोळांतून फिरवून गाडी त्यांनी बाह्यवळण रस्त्यावरच्या पोलीस चौकीकडे घेतली.

चौकीत फौजदारसाहेब खुर्चीतून ताडकन उठले. “साहेब, तुम्ही! अहो, तुमच्या पुस्तिकेवर तर आमची चौकी चालते.” अधीक्षकांनी पाठलागाची तक्रार नोंदवली, एवढ्यात रंगारी दारात येऊन टेकला. धापा टाकत होता बिचारा. हवालदारानं त्याला दोन्ही दंडांना धरलं.

“गुन्हेगार आपण होऊन चौकीत आला,” फौजदार कौतुकानं म्हणाले. “किती सराईत असेल बघा. हा दांडा कशाला रे?”

“रंग द्यायला.”

“आणि सदऱ्यावर हे लाल कुणाचं?”

“शाळेच्या भिंतीचं. अहो साहेब, माझं सोडा. ही फाईल घ्या. तुमच्या टपावरनं पडली. मघापासनं ओरडतोय, घसा बसला माझा.”

अधीक्षकांनी फाईलकडे पाहिलं. मग दारातून आपल्या गाडीच्या टपाकडे पाहिलं. त्यांना नियम चार आठवला, मोकळे हात आठवले, मांजरसुद्धा आठवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मनापासून लाज वाटली आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना.

लेकीनं झेप घेतली. “माझी फाईल! काका, तुमचे फार उपकार झाले हो! बाबा, चला, अजून चाळीस मिनिटं आहेत.”

“ताई, हात लावू नका,” फौजदार प्रेमानं म्हणाले. “तो मुद्देमाल आहे.”

“अहो, फोटो माझा आहे त्यात!”

“असेल ना. नाही कोण म्हणतंय? पण आरोपीच्या अंगावर मिळालेली वस्तू पंचनामा केल्याशिवाय हलत नाही. दोन पंच हवेत.”

“मी तक्रार मागे घेतो,” अधीक्षक घाईघाईनं म्हणाले.

“अवश्य घ्या. त्या अर्जावरही दोन साक्षीदार लागतात. नात्यातले चालत नाहीत, खात्यातले चालत नाहीत, आणि आरोपी तर नाहीच नाही. अहो, तोंड का उतरवता? पाच मिनिटांचं काम! समोर एवढा रस्ता वाहतोय. दोन गाड्या थांबवू, दोन सह्या घेऊ, की तुम्ही मोकळे.”

हवालदार शिट्टी घेऊन रस्त्यात उभा राहिला. पहिल्या गाडीनं त्याला पाहून वेग वाढवला. दुसरीनं, तिसरीनं, दहावीनंही तेच केलं. त्याला कुणी ओळखत नव्हतं अशातला भाग नाही, पण ‘गणवेशातील इसमही तोतया असू शकतो’ हे सगळ्यांना पाठ होतं, त्याला स्वतःलासुद्धा. वीस मिनिटांनी तो शिट्टी पुसत परत आला. “साहेब,” तो अधीक्षकांना म्हणाला, “पुस्तिका लई भारी लिहिलीय हो तुम्ही.”

बाकावर बसवलेला रंगारी हळूच म्हणाला, “आमच्या गल्लीतही वाटली होती ती. रस्त्यातलं काही उचलू नये, पाठ होतं मला. पण फोटोतली पोर माझ्या धाकटीच्या वयाची दिसली, राहवलं नाही. चुकलंच. आता नाही उचलणार साहेब, परत कुणाचं काही.”

अधीक्षकांना त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही, आणि या वेळी ते कुठल्या नियमानं नव्हतं. ते उठले. लेकीचा हात धरला आणि तिच्यासह रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. घड्याळात अकरा पंचेचाळीस झाले होते. कॉलेज दहा मिनिटांवर होतं.

त्यांनी आधी एक हात वर केला, मग दोन. मग चक्क हात जोडले. “अहो, दोन मिनिटं! फक्त सही! माझ्या मुलीचा प्रश्न आहे हो!” बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी कुणाला ‘कृपया’ म्हटलं नव्हतं, ते अधीक्षक डांबरी रस्त्याच्या कडेला उभं राहून हाका मारत होते. गाड्यांतली माणसं सरळ समोर बघत होती. बघण्याची ती पद्धत इतकी अचूक, इतकी पुस्तिकेबरहुकूम होती, की एरवी अधीक्षकांचा ऊर भरून आला असता. लेकीनं डोळे पुसले आणि तीही हात हलवू लागली.

अकरा अठ्ठेचाळीसला एक गाडी गतिरोधकापाशी हळू झाली. आत बसलेल्या माणसाचा चेहरा भला वाटत होता. शिकलेला, वाचनाची आवड असलेला, अशा गोष्टींना मनापासून हसणारा. काच अर्धी खाली होती. अधीक्षक धावत गेले, पोर त्यांच्या मागोमाग धावली. दोघांच्याही तोंडावर इतकी आशा होती की ती लांबूनसुद्धा दिसली असती, आणि तुम्हांला दिसलीही.

तुम्ही काच वर केलीत.