प्लास्टरच्या खोलीतले परकार

गनी परकार बोट वाजवून पाहिल्याशिवाय कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवत नसत. दार असो, टेबल असो, कलिंगड असो. उजव्या हाताचे मधले बोट वाकवून ते दोनदा ठोकत, मान तिरपी करून ऐकत आणि निकाल देत. निकाल दोनच होते: ‘बोलता हाय’ किंवा ‘मुका हाय’. त्यावर अपील नव्हते.

सौदी अरेबियात, जिझानच्या रुग्णालयात मी अस्थिरोग विभागाचा प्रमुख होतो आणि परकार माझ्या हाताखाली प्लास्टर घालत. त्या कामात ही सवय योग्यच होती. ओले प्लास्टर ठोकल्यावर दबका आवाज देते, वाळलेले खणखणीत. अडचण एवढीच, की परकार ती सवय खोलीत ठेवून बाहेर पडत नसत. मी नवा फ्रिज घेतला तेव्हा ते मदतीला आले, फ्रिज ठोकला आणि म्हणाले, “मुका हाय, डाक्टरसाहेब. परत करा.” मी परत केला नाही. फ्रिज उत्तम चालला. चार वर्षांनी त्याची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, “चालताय खरा. पन मुकाच.”

इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या निवास परवान्याच्या, नूतनीकरणासाठी गेले असता त्यांनी प्रशासकीय अधिकाऱ्याचे भले मोठे चकचकीत टेबल ठोकून पाहिले आणि मराठीत जाहीर केले, “वरून शिसवी, आतून भुसा.” अधिकाऱ्याला ती स्तुती वाटली. त्याने चहा मागवला.

परकार रायगडच्या किनाऱ्यावरचे. खाडीकाठच्या गावातून आले, त्याला सत्तावीस वर्षे झाली होती. पत्नी निवर्तलेली, मुलगी पनवेलला. दर शुक्रवारी नातवाला फोन. “त्यो ‘हाय नाना’ बोलतो, मी सलाम बोलतो. मग दोघंव गप,” असे ते सांगत. बकरी ईदनंतर त्यांचा करार संपणार होता. त्याविषयी ते बोलत नसत. मीही विचारत नसे.

त्या वर्षी भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरून, इटलीतल्या सिसिलीजवळून, चार गायक-वादक फरसानला आले. फरसान हे आमच्या किनाऱ्यापासून बोटीने तासाभरावरचे बेट. तिथले कोळी आणि हे पाहुणे मिळून दोन्हीकडची जुनी गाणी एकत्र बसवणार होते. दोघांपाशीही जाळे ओढण्याची गाणी आहेत: एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. मला संगीताचा कान नाही. ही बातमी मी ऐकली आणि विसरलो.

काम पहिल्याच दिवशी अडले. पाहुण्यांनी एका सभागृहात खुर्च्या मांडल्या. कोळी येऊन बसले आणि गप्प राहिले. एकाला ओळ आठवेना, दुसऱ्याला सूर सापडेना. शेवटी त्यांच्यातला वयोवृद्ध ईसा म्हणाला, “हातात दोर नाही, तर गळ्यात गाणे कुठून येणार?” सगळे उठून धक्क्यावर गेले. दोर आणला, त्याला जुने जाळे बांधले, जाळ्यात दगड भरले आणि ओढू लागले. गाणी आली. पाहुण्यांमधल्या कार्मेलाबाई, वय अडुसष्ट, याही दोराला लागल्या. माशांच्या खवल्यांवरून त्यांचा पाय घसरला आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. अशा रीतीने ते संगीत माझ्या विभागात पोहोचले.

बाई मोडलेला हात झोळीत आणि दुसऱ्या काखेत डफ घेऊन आल्या होत्या. परातीएवढा डफ, कडेला पितळी चकत्या, बकऱ्याचे कातडे, त्यांच्या आईचा. तो डाव्या हाताने उभा धरून हलवायचा आणि उजव्या हाताने वाजवायचा. बसवलेली गाणी लोकांपुढे गाण्याचा जलसा बारा दिवसांवर होता.

“सहा आठवडे,” मी इंग्रजीत म्हणालो.

“एक आठवडा.”

“सहा.”

“दोन. आणि तुम्हाला पहिल्या रांगेत जागा.”

“बाई, हा बाजार नाही.”

तेवढ्यात माझे लक्ष परकारांकडे गेले. डफ टेबलावर होता. त्यांचे बोट वाकले, डफापर्यंत गेले आणि मागे आले. असे मी कधी पाहिले नव्हते.

“का? ठोकायचे नाही?”

“दुसऱ्याचा डफ हाय, डाक्टरसाहेब. धरावा, तापवावा, पुसून ठेवावा. थाप मालकाची. आमच्या गावचा कायदा हाय त्यो.”

परकार गावी डफ वाजवीत, हे मला त्या दिवशी कळले. सत्तावीस वर्षांपैकी अकरा वर्षे मी त्यांच्यासोबत काम केले होते.

दुसऱ्या दिवशी फेरीवर असताना मी बाईंचे प्लास्टर पाहिले आणि थांबलो. अंगठ्याच्या मुळाशी प्लास्टरला हुकासारखा एक आकडा काढला होता. गुळगुळीत, घोटीव, आतून कापसाचे अस्तर लावलेला. बाईंनी त्यात डफ अडकवून दाखवला. त्या प्रसन्न होत्या.

“परकार, हे काय?”

“कान, साहेब.”

“प्लास्टरला कान असतो?”

“कपाला असतो.”

डफाचे वजन त्या हाडावर आले, तर बसवलेले हाड सरकेल आणि बाईंना पुन्हा भूल द्यावी लागेल, हे मी परकारांना दोन वाक्यांत सांगितले. त्यांनाही ते ठाऊक होते. म्हणूनच ते भिंतीकडे पाहत होते. कान कापून काढण्याची आज्ञा मी दिली. त्यांनी कापला. करवत चालू असताना बाई मला इटालियन भाषेत काहीतरी म्हणाल्या. परकारांनी त्याचे भाषांतर केले नाही. त्यांना इटालियन येत नव्हते. पण मला वाटते, त्यांना समजले होते.

मी निष्ठुर नाही. उपाय मीच सुचवला: बाईंच्या जागी परकारांनी डफ वाजवावा. बाईंनीही होकारार्थी मान हलवली. परकारांनी कानाच्या पाळ्यांना हात लावले. “तिची गानी, तिच्या आईचा डफ. मी थाप मारली तर डफ माझा नाय नि गाना तिचा नाय. दोघांचीव माती.”

“मग?”

“मी धरतो. वाजवंदे ती.”

त्यांनी रजेचा अर्ज दिला. गावी जाण्याखेरीज दुसऱ्या कारणासाठी त्यांनी घेतलेली ही पहिलीच रजा. कारण लिहिले होते: ‘धरणे’. मी ते शुद्ध करून ‘वैयक्तिक काम’ असे लिहिले आणि सही केली.

पुढचे दिवस ते फरसानला राहिले. ती तालीम कशी चालली, ते ईसाने मला नंतर अरबीत सांगितले, आणि सांगताना तो तीनदा खोकला येईपर्यंत हसला. दुसऱ्याच्या थापेसाठी डफ धरणे म्हणजे खांब होणे नव्हे. चकत्या वाजायच्या तर धरणाऱ्याने हलवायला हवे, आणि तेही थापेच्या बरोबर. आधी नाही, नंतर नाही. परकार नेहमी किंचित आधी हलवीत. त्यांच्या गावची चाल तशी होती. बाई चिडत. त्यांना परकारांच्या भाषेतले दोनच शब्द येत होते. त्या उजव्या हाताचे बोट वाकवून परकारांच्या टकलावर दोनदा ठोकत, मान तिरपी करून ऐकत आणि सर्वांसमक्ष निकाल देत: “मुका हाय!” कोळी दोर सोडून हसत. परकार डफ न सोडता हसत. पाचव्या दिवशी बाईंनी ठोकले, ऐकले आणि काहीच न बोलता गाण्याला सुरुवात केली.

जलशाला मी गेलो. पहिल्या रांगेतली जागा मला खरोखरच ठेवली होती. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाल्यावर धक्क्यावर माणसे जमली. समुद्राची दमट हवा लागून कातडे सैल पडते, म्हणून परकारांनी डफ एका गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर टॉवेल घालून ठेवला होता आणि स्वतः पहाऱ्याला उभे होते. मग ते बाईंच्या डाव्या बाजूला बसले आणि डफ त्यांच्या छातीसमोर उभा धरला.

ईसाने ओळ टाकली, ती पाहुण्यांनी आपल्या बोलीत झेलली. मग बाईंनी टाकली, ती कोळ्यांनी झेलली. दोर दोन्हीकडून ओढला जात होता. कोणती ओळ कुठल्या समुद्राची, हे काही वेळाने मला सांगता येईना. अर्थात माझा अधिकार नाही. मी हात पाहत होतो. थाप पडे त्याच क्षणी परकारांची मनगटे हलत. दोन माणसांचे चार हात, पैकी एक प्लास्टरमध्ये. उरलेले तीन एकाच माणसाचे वाटत होते.

मध्ये कोळ्यांनी कॉफी फिरवली. सगळ्यांनी वाद्ये खाली ठेवली. परकारांनी डफ तसाच धरून ठेवला. बाईंनी खूण केली, ईसाने खूण केली. ते नाही म्हणाले. कॉफी बाईंनीच त्यांच्या तोंडाला लावली. सूर्यास्ताची, मगरिबची बांग होईपर्यंत, सुमारे दीड तास, डफ खाली आला नाही.

दुसऱ्या सकाळी परकार माझ्यापुढे रुग्णांच्या खुर्चीत होते. दोन्ही हात खांद्याच्या वर जात नव्हते. मी तपासले. स्नायू दगडासारखे झाले होते.

“वय किती तुमचे?”

“एकोनसाठ.”

“मध्यंतरात डफ खाली का ठेवला नाही?”

मी तपासणीची नोंद लिहू लागलो.

“आमच्या मेळात अकरा डफ व्हते, साहेब,” ते म्हणाले. “कोन कुवेतला गेला, कोन दुबईला, बाकीचे मातीत. हसनचाचा शेवटचा. रमजानच्या आधी त्योव गेला. सुट्टीत गावाला गेलो का मी माझा डफ काढतो, चुलीवर तापवतो, परत खुंटीला लावतो. वाजवीत नाय. एकट्याने वाजवून काय करू? जबाब देनारा कोन हाय?”

मी लेखणी थांबवली.

“काल ती थाप मारी ती सीधी माझ्या हातात येई. मी हालवला का ती परत मारी. इतक्या वरसांनी.” त्यांनी मांडीवर पडलेल्या हातांकडे पाहिले. “खाली ठेवला नि परत उचलाया बोलावला नाय तर? म्हनून नाय ठेवला.”

मी त्यांना औषध दिले आणि आठवडाभर हात न उचलण्याची ताकीद दिली. मग वैद्यकीय रजेचा अर्ज पुढे ओढला. निदान लिहिले. त्याखाली ‘दुखापतीच्या वेळी कर्मचारी’ असा रकाना आणि दोन पर्याय असतात. परकार रजेवर होते, हे माझ्याच सहीने नोंदलेले होते.

मी ‘कामावर’ या पर्यायावर खूण केली आणि शिक्का मारला.