पाच किलो गांडुळं

सकाळी सात वाजता सर्जेराव पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उकिडवे बसले होते आणि गाड्यांखालची गांडुळं चिमटीने उचलून घरातल्या चहाच्या गाळणीत ठेवत होते. सेक्रेटरी झाल्याचा पश्चात्ताप त्यांना रोजच व्हायचा. आज जरा लवकर झाला, इतकंच.

वाघोलीतल्या त्या चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या सोसायटीने ओला कचरा जिरवायला मागच्या बाजूला खड्डा बांधला होता. त्यासाठी पाच किलो गांडुळं सर्जेरावांनी स्वतः मांडीवर घेऊन रिक्षातून आणली होती. आज अकराला महापालिकेच्या तनुजा मॅडम तपासणीला येणार होत्या. खड्डा बंद दिसला तर सोमवारपासून सोसायटीचा ओला कचरा उचलणार नाही, असं पत्रच आलं होतं. आणि नेमका आजचाच मुहूर्त धरून गांडुळं खड्डा सोडून बाहेर पडली होती!

लिफ्टपाशी किंकाळी उठली. तिसऱ्या मजल्यावरची शेफाली ऑफिसची बॅग छातीशी धरून उभी होती.

"अंकल, सापाची पिल्लं! मी पेस्ट कंट्रोलला कॉल करतेय."

"अगं बाई, थांब! आपलीच आहेत ती!"

"आपली? म्हणजे मेंटेनन्समधून?"

सर्जेरावांनी कपाळावर हात मारला. त्याच हातात गांडूळ होतं.

तेवढ्यात साळुंक्या उतरल्या. मागोमाग कावळे. सर्जेराव छत्री घेऊन त्यांच्यामागे धावू लागले, तेव्हा झाडलोट करणाऱ्या सोजरबाई झाडू टेकून शांतपणे बघत होत्या.

"खाऊ द्या की दोन-चार. त्यांनाबी पोट हाय."

"सोजरबाई, माझी पाच किलो आहेत ती!"

"हितं आमचं रान व्हतं, साहेब. नांगराच्या मागं बगळ्यांची रांग चालायची, येवढी गांडुळं मातीत. कुणी मोजली न्हाईत. तुम्ही वर फरशी ठोकली आन् आता किलोवर आणताय." त्या खड्ड्याशी गेल्या, वाकल्या आणि नाकाला पदर लावला. "आवो, ह्यात तर लोणचं हाय!"

होतंच. कैऱ्या बाजारात आल्या होत्या. नवं लोणचं घालायचं, तर बरणी रिकामी हवी. चौऱ्याऐंशी घरांनी आठवड्याभरात गेल्या वर्षीचं उरलंसुरलं खड्ड्यात ओतलं होतं. वर भिंतीवर सर्जेरावांच्याच सहीची पाटी होती: 'अन्नाचा कणही वाया घालवू नये. सर्व काही गांडुळांना द्यावे.'

"मीठ, तिखट, आंबट," सोजरबाई म्हणाल्या. "उघड्या अंगाचा जीव त्यो. पळंल न्हाईतर काय करंल?"

सर्जेरावांनी फावडं उचललं. लोणच्याचा थर काढून बाजूला ढीग केला. सोजरबाईंनी कुठूनसं जुनं शेण आणलं, पालापाचोळा पसरला, वर ओलं पोतं टाकलं. शेफालीसुद्धा "ईऽऽ" करत करत दोन हातमोजे घालून पार्किंगभर फिरली. साळुंक्यांचा वाटा वजा जाता बरीच मंडळी परत आली.

अकराला तनुजा मॅडम आल्या. त्यांनी पोतं उचललं, काडीने उकरलं. आत वळवळ होती. सर्जेरावांचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी सही केली आणि बाजूच्या लाल ढिगाकडे बोट दाखवलं.

"हा शहाणपणा कुणाचा?"

"शोधून काढणार, मॅडम!" सर्जेरावांना एकदम जोर चढला. "ज्याने पहिली बरणी ओतली ना, त्याचं नाव पाटीवर लावतो! अक्कल नाही लोकांना!"

त्यांच्या पत्नी विजयमालाबाई चहा घेऊन आल्या होत्या.

"घ्या मॅडम. चोथा खाली बसू द्या, गाळणी यांच्याकडे आहे." मग नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "लावा पाटी. पहिली बरणी माझी."

"तुझी? अगं, पण का?"

"वर्षभर म्हणत होतात, हे लोणचं माणसाने खायच्या लायकीचं नाही. म्हटलं, गांडुळांना देऊन बघू." त्यांनी कप पुढे केला. "ती निदान तोंडावर काही बोलली नाहीत. गुपचूप घर सोडून गेली."