शेवटच्या शेतावरचे पाहुणे

समितीचा अध्यक्ष झालं की कुठेही गेलं तरी बसायला खुर्ची मिळते, एवढाच काय तो फायदा. बाकी सगळा डोक्याला ताप. त्या दिवशी तर अध्यक्षांना खुर्चीही नशिबात नव्हती. सकाळपासून ते पाटाच्या काठाने धावत होते आणि दिसेल त्याला ओरडून सांगत होते, "फळी लावा! शेतात जाणारं पाणी बंद करा! पाहुणे येणार आहेत!"

पाहुणे होते एकच, पण परदेशातले. जंगल गावानेच राखायचं आणि त्या जंगलातल्या ओढ्याचं पाणी पाटाने सगळ्यांच्या शेतात न्यायचं, समितीच्या या कामाला त्यांच्या देशाने मदत दिली होती. जंगल छान वाढलं, पाटही झाला. पण पाटाच्या शेवटच्या शेतात काही पाणी पोचेना. वरचे लोक आपल्या शेताच्या तोंडाची लाकडी फळी काढून पाणी घेत आणि ती परत लावायला सोयीस्करपणे विसरत. विसरणाऱ्यांत अध्यक्षही होते. आणि ते शेवटचं शेत कुणाचं, तर त्यांच्याच सख्ख्या थोरल्या बहिणीचं!

तिचं पहिलं पीक करपलं तेव्हापासून ताईने भावाशी अबोला धरला होता. ते दारावरून जायला लागले की ती कोंबड्यांशी बोलायची. "बघा गं बायांनो, काही लोकांना तोंड दाखवायची लाज नाही वाटत." अध्यक्ष मान खाली घालून पुढे जायचे.

आता पाहुण्यांना नेमकं तेच शेत बघायचं होतं. प्रकल्पाच्या साहेबांनी बजावलं होतं, "तिथे पाणी दिसलं नाही, तर पुढची मदत विसरा. पाट कच्चाच राहील."

म्हणून ही फळ्यांची पळापळ. एक शेजारी कुरकुरला, "अहो अध्यक्ष, माझी भाजी सुकेल ना."

"एका दिवसात काही सुकत नाही."

"मग तुमच्या ताईचं एवढे दिवस कसं सुकलं हो?"

अध्यक्षांनी घाईघाईने पुढची फळी लावली. स्वतःचीही लावली.

सगळ्या फळ्या एकदम लागल्या, असं त्या पाटाने जन्मात पाहिलं नव्हतं. पाणी जे सुटलं ते थेट शेवटापर्यंत. अर्धं ताईच्या शेतात शिरलं आणि अर्धं काठ फोडून शेजारच्या वाटेवर पसरलं. त्याच वाटेने पाहुण्यांना घेऊन साहेबांची जीप आली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिखलात रुतून बसली.

गावाने जोर लावला. जीप हलेना, ढकलणारे मात्र डोक्यापर्यंत माखले. "चाकाखाली लाकूड घाला," ड्रायव्हर म्हणाला. अध्यक्ष कुऱ्हाड घेऊन जंगलाकडे पळाले.

जंगलाची राखण घरटी पाळीपाळीने असायची. आज पाळी अध्यक्षांच्या घराची होती, म्हणजे त्यांच्या बायकोची.

"अगं, दोन फांद्या तोडतो फक्त."

"ओली फांदी तोडायची नाही. नियम कुणी केला?"

"मी केला."

"मग?"

"अगं, पाहुणे अडकलेत तिकडे! आणि मी नवरा आहे तुझा!"

"ते घरी. इथे तुम्ही कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस आहात," ती म्हणाली आणि नियमाप्रमाणे तिने कुऱ्हाड जप्त केली.

अध्यक्ष हात हलवत परत आले. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर पाटाकडे गेली. "अहो, त्या फळ्या आहेत ना! चांगल्या जाड आहेत. काढा आणि घाला चाकाखाली." वरच्या शेतवाल्यांचे चेहरे खुलले. दोघेतिघे निघालेसुद्धा.

"फळीला हात लावायचा नाही!"

ताई बांधावर उभी होती, आणि ती कोंबड्यांशी बोलत नव्हती. सरळ भावाकडे बघत होती. "शेत नुसतं वरवर ओलं झालंय. मुळाशी कुठे पोचलंय अजून?"

"ताई, अगं पाहुणे खोळंबलेत."

"तुझे पाहुणे सावलीत बसलेत. माझं पीक उन्हात उभं आहे."

इतक्या दिवसांनी ताई अध्यक्षांशी बोलली होती, आणि बोलली तेही खरंच. "राहू देत फळ्या," ते म्हणाले. "शेत भिजेपर्यंत कुणी काढायच्या नाहीत."

"अहो, मदत जाईल!" साहेब कळवळले.

तेवढ्यात पाहुणेच बूट हातात घेऊन जीपमधून खाली उतरले आणि बांधावर येऊन काहीतरी बोलले. साहेबांनी डोळे मिचकावत मराठीत सांगितलं, "ते विचारतायत, पाणी इथे नेहमी असंच येतं ना?"

अध्यक्षांनी जीपकडे पाहिलं, मग ताईकडे. "नाही येत म्हणावं. आज ते येणार म्हणून आलं. एरवी आम्ही वरचेच पिऊन टाकतो."

साहेबांनी हे सांगायला फारच वेळ घेतला. काय सांगितलं देव जाणे. पाहुण्यांचं समाधान झालं नसावं, कारण त्यांनी पाण्याकडे बोट दाखवून ताईकडे पाहिलं. ताईने नकारार्थी मान हलवली. त्याचं भाषांतर करायला साहेबांची गरज नव्हती. पाहुणे गंभीर झाले आणि एकच वाक्य बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मग मी पुन्हा येईन."

"कधी?"

"ते काही बोलले नाहीत."

संध्याकाळी शेत भिजल्यावर फळ्या निघाल्या, चाकाखाली गेल्या आणि जीप सुटली. मदतीचं काय होणार, ते कुणालाच कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात अध्यक्ष पुन्हा पाटावर हजर. "फळी लावा! पाहुणे येणार आहेत!"

"कुणी सांगितलं?"

"ते काय सांगून येणार आहेत? बघायचंय ना त्यांना!"

लोक बडबडले, पण फळ्या लागल्या. जीप आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी तीच हाळी दिली आणि तरीही कुणी आलं नाही. हळूहळू लोकांनी विचारणंच सोडलं. ठरल्या दिवशी अध्यक्ष काठावर दिसले की ते गालातल्या गालात हसत आणि फळी लावत.

अशाच एका दिवशी अध्यक्ष वाहत्या पाण्याबरोबर चालत थेट शेवटपर्यंत गेले. ताई पाय धुऊन शेतातून घराकडे येत होती.

"काय रे, आले का तुझे पाहुणे?"

अध्यक्षांनी चपला काढल्या आणि तिच्या पायरीवर बसकण मारली. "हे काय, आलेत की."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग कोंबड्यांकडे. "बघा गं बायांनो, आता पाहुण्यांचं करायला हवं," असं म्हणत ती चहा टाकायला आत गेली.