जावकची परीक्षा

जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरीने नोटीस लावली, त्या दिवशी शिपाईकाका तिच्यासमोर तीनदा जाऊन उभे राहिले आणि तिन्ही वेळा चष्मा पुसून त्यांनी ती वाचली. इमारतीत ज्यांच्याकडे कुत्रं आहे, त्यांनी महिनाअखेरपर्यंत ते आज्ञाधारक असल्याचं प्रमाणपत्र सादर करावं. नाहीतर कुत्रं इमारतीबाहेर काढावं. खाली सही, सहीवर शिक्का. अख्ख्या इमारतीत कुत्री दोनच. एक खुद्द सेक्रेटरीचं, सोनेरी केसांचं, आजोबा-पणजोबांची नावं कागदावर असलेलं. दुसरा काकांचा जावक, ज्याच्या बापाचा पत्ता त्याच्या आईलाही सांगता आला नसता. नोटीस कुणासाठी होती हे कळायला चष्मा पुसायची काहीच गरज नव्हती.

काकांनी एका कचेरीत बत्तीस वर्षं शिपायाची नोकरी केली होती. तिथेच आवक-जावकच्या टेबलाखाली त्यांना हे पिल्लू सापडलं, म्हणून नाव जावक. काका निवृत्त झाले त्याच दिवशी नव्या साहेबांनी कुत्र्यालाही हाकलायला सांगितलं. दोघं एकाच फाटकातून बाहेर पडले. काकांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि जावकला लाथ. घड्याळ आठव्या दिवशी बंद पडलं. जावक मात्र वर्षभर काकांच्या पलंगाशेजारी व्यवस्थित चालू होता.

"काय लिहिलंय एवढं?" बायकोने विचारलं.

"जावकचं प्रमाणपत्र मागितलंय. सांगितलेलं ऐकतो म्हणून."

"कुणाचं ऐकतो?"

"माझं."

बायकोने हातातली परात खाली ठेवली आणि पोटभर हसून घेतलं. "अहो, या घरात तुमचं कोण ऐकतं? तुमचं तर नळसुद्धा ऐकत नाही. मी पिळला की बंद होतो."

"खरं आहे," काका म्हणाले. हाच त्यांचा आजार होता. कुणी काही म्हटलं की ते त्यांना खरंच वाटायचं.

महिनाअखेरीस शाळेच्या मैदानावर श्वानमंडळाची सराव-स्पर्धा होती. परीक्षा पाच, प्रत्येकीला वीस गुण; शंभरात साठ मिळाले की प्रमाणपत्र. काकांनी नाव नोंदवलं आणि वाचनालयातून एक पातळ पुस्तक आणलं. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'आवाजात हुकमत हवी.' इथेच गाडं अडलं. बत्तीस वर्षं ज्या माणसाने दिवसाला दोनशे वेळा 'जी साहेब' म्हटलं, त्याच्या गळ्यात हुकमत कुठून येणार? हुकूम द्यायला गळा लागत नाही, खुर्ची लागते. काकांना कचेरीत स्टूल होतं, तेही एका पायाने डुगडुगणारं.

"बसतोस का जरा?" काका जावकला म्हणायचे.

जावक शेपटी हलवायचा. बसायचं नाव नाही.

"तुम्ही हुकूम देताय की त्याच्याकडे रजा मागताय?" स्वयंपाकघरातून बायको ओरडायची.

चौथ्या दिवशी थकून काका स्वतःच जमिनीवर बसले. बसले मात्र, समोर जावकही बसला. काका दचकून उभे राहिले. जावक उभा. काका पुन्हा बसले. जावक बसला. काकांनी इकडे तिकडे बघून हळूच पाठ टेकली, तर जावकही त्यांच्या शेजारी लांब झाला आणि 'आता पुढे काय' अशा नजरेने बघू लागला. त्या बिचाऱ्याने जन्मात एकच माणूस आपला मानला होता. तो करील ते आपण करायचं, एवढं त्याचं शास्त्र.

पुढचे तीन आठवडे साठी ओलांडलेला तो माणूस घरात दिवसाला पन्नास वेळा बसत होता, आडवा होत होता आणि भिंतीला धरून उठत होता. बायको त्यांच्या गुडघ्यांना मलम चोळत म्हणाली, "परीक्षा नक्की कुणाची आहे?"

"आमची दोघांची," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्याला बाहेर काढलं तर जाईल कुठे गं तो?"

बायको दुसऱ्या गुडघ्याला मलम चोळू लागली. हसत होती ती, पण जावकच्या ताटलीत रोज चार घास जास्त कोण वाढत होतं, ते जावकला माहीत होतं.

स्पर्धेच्या सकाळी मैदानात दोरी बांधून चौकोन केला होता. पाच कुत्री, पाच मालक. परीक्षकबाई उंचपुऱ्या, गळ्यात शिट्टी, हातात गुणांचा तक्ता आणि आवाज असा की मैदानाबाहेरची सायकलसुद्धा थांबावी. सेक्रेटरी नवीन बूट घालून आला होता. काकांना बघून तो म्हणाला, "वा काका! आलात? बरं झालं. प्रयत्न केल्याचं समाधान तरी मिळेल."

"जी साहेब," काका म्हणाले, आणि मग स्वतःवरच चिडले.

पहिली परीक्षा मालकाच्या डाव्या पायाशी चालायची. ती सोपी गेली. कुणाच्या तरी मागे अर्धं पाऊल ठेवून, न अडखळता, न बोलता कसं चालायचं, हे काकांना पाठच होतं आणि जावक काकांवर गेला होता. पंधरा गुण पडले.

मग बाई गरजल्या, "बसवा!"

चार मालकांनी रुबाबात हुकूम सोडले. काकांनी शांतपणे मांडी घातली. जावक बसला.

प्रेक्षकांत हशा पिकला. सेक्रेटरी ताडकन म्हणाला, "बाई, हे काय चाललंय? कुत्र्याला बसवायचंय, स्वतः नाही बसायचं!"

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. कुत्र्याला हात लावायचा नाही, लिहिलं होतं. खाऊ दाखवायचा नाही, लिहिलं होतं. मालकाने बसू नये, असं कुठेच नव्हतं. तशी वेळ येईल असं लिहिणाऱ्याला वाटलंच नसावं. "अंगाने इशारा केला असं धरते," बाई म्हणाल्या. "दहा गुण कमी. दहा दिले."

"आडवं करा!"

काका आडवे झाले. जावक आडवा झाला. पुन्हा दहा. एकूण पस्तीस. काकांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि उठायला हात टेकला. तेवढ्यात कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. उसण भरली. अशी भरली की मान हलेना आणि श्वासही अर्धाच घेता येईना.

"चौथी परीक्षा!" बाई ओरडल्या. "कुत्री आडवीच राहतील. मालकांनी तीस पावलं लांब जायचं. तीन मिनिटं. निघा!"

चार मालक निघाले. पाचवा गवतात पडून आभाळ बघत होता.

"अहो काका, तुम्ही?"

"येतो बाई. जरा कंबर... तुम्ही सुरू करा."

"मालक लांब गेल्याशिवाय सुरू होत नाही."

"मग संपलं," सेक्रेटरी म्हणाला. "बाद करा त्यांना."

पस्तीस गुणांत जावक जिन्याखालीसुद्धा राहू शकणार नव्हता. "बाई," ते पडल्या पडल्या म्हणाले, "मालकाने स्वतःच्या पायाने जायला पाहिजे, असं लिहिलंय का पुस्तकात?"

बाईंनी पुन्हा पानं चाळली. नव्हतं लिहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांना खूण केली. एकाने खांदे धरले, दुसऱ्याने पाय, आणि काकांना कपाटासारखं उचलून तीस पावलांवर नेऊन ठेवलं. चेहरा जावककडे. जावकने एकदा मान उचलली. आपला माणूस आडवाच आहे, हे बघितलं आणि तोही हनुवटी गवतावर टेकून निवांत पडून राहिला.

पण उरलेल्या चार कुत्र्यांना आडवा पडलेला माणूस एवढ्या लांबून बघायची सवय नव्हती. उभा माणूस म्हणजे हुकूम. पडलेला माणूस म्हणजे एक तर खेळ, नाहीतर संकट, आणि दोन्हीत जाऊन वास घेणं भाग. अर्ध्या मिनिटात पहिलं कुत्रं उठलं. त्याच्या मागे दुसरं, तिसरं. शेवटी सेक्रेटरीचं सोनेरी कुत्रंही आजोबा-पणजोबांची अब्रू गवतात टाकून धावत सुटलं.

"थांब! बस! जागेवर! परत ये!" सेक्रेटरी एका दमात चार हुकूम देत होता. कुत्रं काकांच्या छातीवर बसलं आणि त्यांचा चष्मा, कान, कपाळ, सगळं मन लावून चाटू लागलं.

"साहेब," काका खालून गुदमरत म्हणाले, "याला... जरा..."

"तुम्ही मुद्दाम पडलाय! बाई, यांनी माझ्या कुत्र्याला फितवलंय!"

"काय दाखवून फितवलं?" बाईंनी विचारलं. "कान?"

शिट्टी वाजली. तीन मिनिटं झाली होती. सगळ्या मैदानात एकच कुत्रं जागेवर होतं. "पंधरा," बाई म्हणाल्या. "उचलून नेलं म्हणून पाच कापले. काका, पन्नास झाले तुमचे. आता शेवटची. बोलवा. एकच हाक मारायची. आला तर गुण, नाही आला तर शून्य."

दहा गुण हवे होते आणि काका आडवे होते. ते आडवे असेपर्यंत जावक तीस पावलांवरून हलणार नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी कोपर टेकलं. कमरेने नाही म्हटलं. पुन्हा टेकलं. पुन्हा नाही.

सेक्रेटरी आपल्या कुत्र्याला पट्ट्याने ओढत होता आणि कुत्रं काकांना सोडायला तयार नव्हतं. घामाघूम होऊन तो कार्यकर्त्यांवर खेकसला, "अरे, उचला त्या म्हाताऱ्याला! रिक्षात घाला आणि पाठवा घरी. त्याच्या त्या भटक्यालाही घाला बरोबर. तमाशा पुरे झाला!"

दोघं कार्यकर्ते वाकले. एकाने खांदा धरला. आणि काकांना ते फाटक आठवलं, तो नवा साहेब आठवला, ती लाथ आठवली. बत्तीस वर्षांत गिळलेलं सगळं पोटातून वर आलं.

"थांबा!"

सगळे थांबले. वाकलेले कार्यकर्ते वाकलेलेच राहिले. सेक्रेटरी एक पाय उचलून थांबला. सोनेरी कुत्रं चटकन बसलं. खुद्द परीक्षकबाईंच्या हातून पेन्सिल पडली आणि ती उचलायची त्यांची छाती झाली नाही. हे कोण ओरडलं म्हणून काकांनी स्वतः मागे वळून बघितलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन पायांवर उभे आहोत. ओरडण्याच्या झटक्यात उसण सुटली होती.

तिकडे जावकही उभा होता.

"तो हुकूम मी कुत्र्यासाठी धरत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बोलवा, काका."

आता आवाज होता, मैदान ऐकत होतं. पण जावकवर ओरडायचं काकांच्या जिवावर आलं. ते नेहमीच्याच स्वरात म्हणाले, "ये रे. घरी जाऊ."

जावक असा आला की त्याचे पाय गवताला लागले की नाही, यावर कार्यकर्त्यांमध्ये नंतर वाद झाला. पंधरा गुण. एकूण पासष्ट. सोनेरी कुत्र्याची पहिल्या तीन परीक्षांतली कमाई पन्नास होती आणि पन्नासच राहिली. मालकाने शेवटची हाक मारली तेव्हा ते काकांच्या चपलेचा वास घेण्यात गुंतलं होतं.

प्रमाणपत्र बायकोने आरशाशेजारी लावलं. दोन दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला 'थांबा' कसं झालं ते ओरडून दाखवत होती. मात्र काकांनी घरात एकदाच तो आवाज लावून बघितला, तेव्हा ती म्हणाली, "तो आवाज मैदानात. इथे भांडी घासायचीत."

इमारतीत वेगळंच सुरू झालं. ज्यांना त्या सोनेरी भुंकण्याने वर्षभर झोप नव्हती, ते सगळे नोटीस तोंडपाठ करून आले. नियम सगळ्यांना सारखा. सही कुणाची? शिक्का कुणाचा? सेक्रेटरीने फार गयावया केल्यावर त्याला पुढच्या सराव-स्पर्धेपर्यंत मुदत मिळाली. दोन महिने. तेव्हा नापास, तर कुत्रं बाहेर.

"जाऊ दे त्याचं कुत्रं," बायको म्हणाली. "कळू दे त्याला."

काकांनाही तसंच वाटत होतं. अगदी मंगळवारपर्यंत वाटत होतं. मंगळवारी ते जावकला घेऊन खाली उतरले, तेव्हा सेक्रेटरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. कुत्र्याच्या मानेवरच्या केसांत दोन्ही हात खुपसून, डोकं त्याच्या डोक्याला टेकवून. काकांना बघून त्याने घाईघाईने नाक पुसलं.

"ऐकतच नाही हो माझं," तो म्हणाला. "घरात ऐकतं, कचेरीत सगळे ऐकतात. मैदानात काय होतं कुणास ठाऊक."

काका पुढे गेले. चार पावलांवर थांबले. बत्तीस वर्षांची सवय सुटली नव्हती, की ही दुसरीच कसली सवय होती, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. ते मागे वळले.

"साहेब, उद्या सकाळी सहा वाजता गाडीतळावर या. जुने कपडे घालून."

तेव्हापासून रोज सकाळी गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सेक्रेटरी फरशीवर पाठ टेकून पडलेला असतो. सोनेरी कुत्रं त्याच्याकडे बघत उभं असतं. जावक आणि काका बाजूला बसलेले असतात.

"किती वेळ पडू अजून?" सेक्रेटरी विचारतो. "हे पडतच नाही!"

"कसं पडेल, साहेब?" काका शांतपणे म्हणतात. "तुम्ही आडवे झालात, पण मान वरच आहे. तीही टेकवा. त्याला कळतं."