बदामीचा अस्सल पंप

रविवारी सकाळी पोर्चमध्ये गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं आणि आईने चहाचा कप कठड्यावर ठेवला.

"पाण्याचा पंप गेला," ती म्हणाली. वाकून पाहायचीही तिला गरज वाटली नाही. "अस्सल मिळतो का बघ. नाही मिळाला तर मी वकिलांना फोन लावते."

तिच्या थोरल्या मुलाने रस्त्यापलीकडे नजर टाकली. समोरच्या बंगल्यातल्या वकिलांना जुन्या गाड्या जमवण्याचा नाद होता आणि गेली दोन वर्षं, म्हणजे बाबा गेल्यापासून, त्यांचा डोळा या गाडीवर होता. बत्तीस वर्षांची, बदामी रंगाची आणि मुख्य म्हणजे एकही नकली भाग नसलेली गाडी, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हे त्यांना बाबांनीच सांगितलं होतं. बाबांनी ते गावभर सांगितलं होतं.

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते आणि निवृत्त झाल्यावरही निरीक्षकच राहिले. भाजी घेताना ते आधी तराजूचं पारडं उलटं करून बघत, मग भाजी बघत. दूधवाल्याचं माप ते दर महिन्याला घरच्या मापाशी ताडून पाहत आणि दूधवाला तेवढा वेळ शाळेत उभा केल्यासारखा दारात उभा राही. गाडीच्या बाबतीत त्यांचा नियम एकच होता. कंपनीचा अस्सल भाग बसेल. ज्या दिवशी बाहेरचा बसवावा लागेल, त्या दिवशी गाडी विकायची. प्रत्येक भागाचा रिकामा खोका तारीख घालून माळ्यावर जाई आणि काढलेला जुना भाग वर्तमानपत्रावर मांडून आईला दाखवला जाई. आईला त्यातलं काय कळत होतं देव जाणे, पण ती मान हलवी. बाबा गेले, तरी नियम आईने जसाच्या तसा चालू ठेवला होता.

थोरला अडतीस वर्षांचा होता, शाळेत इतिहास शिकवत होता, आणि त्याला ही गाडी हवी होती. चालवायला नव्हे, त्याच्याकडे दुसरी होती. घरात बाबांची खुर्ची होती, कपाट होतं, भिंतीवर फोटो होता, पण तिथे त्याला बाबा आठवत नसत. गाडीला घरात 'बदामी'च म्हणत; त्या बदामीत बसून दार ओढलं की ते आठवत. सुट्टीत मागच्या सीटवर तो आणि धाकटी बहीण भांडायचे, वळण आलं की धाकटीला मळमळायचं, आणि बाबा आरशातून बघत म्हणायचे, "पुढच्या वळणानंतर सरळ रस्ता आहे." तो सरळ रस्ता कधीच आला नाही. हे सगळं वकिलांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जाणार, या कल्पनेनेच त्याचा जीव कासावीस होई.

त्याने धाकटीला फोन केला. ती दातांची डॉक्टर, दोन गल्ल्या सोडून राहायची. रविवारी तिचा दवाखाना बंद असे.

"दादा, अस्सल कुठून आणणार? कंपनीने ही गाडीच बंद करून बारा वर्षं झाली."

"ते आईला नको सांगूस. तू फक्त ये. आणि तुझे हातमोजे आण."

सुट्या भागांच्या दुकानात पंप मिळाला, पण बाहेरच्या कंपनीचा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, अंगावर पिसारा फुलवलेला मोर उठवलेला. "मोर छाप घ्या, डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला. थोरल्याने डोळे मिटूनच घेतला. घरी येऊन, आई आंघोळीला गेल्याचं पाहून तो माळ्यावर चढला आणि मागच्या पंपाचा कंपनीचा खोका शोधून काढला. त्यावर बाबांच्या अक्षरात सोळा वर्षांपूर्वीची तारीख होती. त्याने तिच्यावर कोरा कागद चिकटवला आणि बाकीच्या खोक्यांशी जुळावं म्हणून त्यावर बाबांच्याच वळणात आजची तारीख घातली. हे वळण त्याला चांगलं येत होतं. सातवी ते दहावी प्रगतिपुस्तकावर त्याने ते पुष्कळ वापरलं होतं. मोर खोक्यात गेला.

"झालं," तो धाकटीला म्हणाला. "आता जुना काढायचा, हा बसवायचा, खोका दाखवायचा."

पट्टा सुटला, पंखा सुटला, उरलेलं पाणी बादलीत आणि थोडं थोरल्याच्या बाहीत गेलं. पंपाचे चार बोल्ट निमूट निघाले. पाचवा हलेना. थोरल्याने त्याला तेल पाजलं, हातोडीने ठोकलं, शेवटी शिव्या दिल्या.

"सरक," धाकटी म्हणाली. तिने मोजे चढवले, एक गुडघा बंपरला टेकवला आणि अक्कलदाढ काढावी तसा पाना हळूहळू डावीउजवीकडे हलवू लागली. "ओढायचं नसतं. सैल करायचं असतं. दुखतंय का?"

"कोणाला?"

"सवयीने विचारलं."

बोल्ट निघाला, पंप तिच्या हातात आला. तिने तो फडक्याने पुसला आणि पुसता पुसता थांबली. इंजिनाकडच्या बाजूला, जिथे पंप उतरवल्याशिवाय कोणाची नजर पोचणार नाही अशा जागी, पिसारा फुलवलेला मोर होता.



"तू चुकून नवा तर नाही ना पुसत?" थोरल्याने विचारलं. नवा खोक्यात होता. त्याने उघडून खात्री केली.

"म्हणजे बाबांनी..." धाकटी म्हणाली आणि तिने मोरावरून पुन्हा फडकं फिरवलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची खोटी वजनं जप्त केली, त्याने मोर छाप पंप बसवून कंपनीचा खोका माळ्यावर ठेवला होता. थोरल्याला बाबांचा राग यायला हवा होता, पण आली ती काळजी. स्वतःची लबाडी आता बाजूलाच राहिली. आधी बाबांची झाकायला हवी होती. कारण तासाभरात हा पंप वर्तमानपत्रावर मांडून आईपुढे ठेवावा लागणार होता.

"हरवला म्हणून सांगू," धाकटी म्हणाली.

"पोर्चमधून?"

"मग घास."

थोरल्याने कानस घेतली. मोर चिवट निघाला. पिसारा गेला, मान जाईना. मान गेली तेव्हा तुरा राहिला. आळीपाळीने घासून दोघांचे हात भरून आले, आणि त्या खरखराटाने व्हायचं तेच झालं. आई बाहेर आली, हातात वर्तमानपत्र घेऊनच.

"काढला का? ठेव इथे."

थोरल्याने पंप कागदावर ठेवला. आईने चष्मा लावला, पंप उलटा केला आणि घासून लख्ख झालेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"याच्यावरचा मोर कुठे गेला?"

 धाकटीने मोजे काढायला सुरुवात केली.

"तुला माहीत होतं?" थोरल्याने शेवटी विचारलं.

"मीच बसवून घेतला, मला नाही तर कोणाला माहीत असणार?" आई कठड्यावर बसली. "सोळा वर्षं झाली. हे महिनाभर प्रशिक्षणाला गेले होते. मला म्हणाले, वर्कशॉपमधून पंप बदलून घे. वर्कशॉपवाले म्हणाले, अस्सल सहा महिने मिळणार नाही. यांना फोन केला, तर म्हणाले, मग राहू दे, आल्यावर गाडी विकून टाकू. नियम तो नियम."

"मग?"

"मग काय. मला विकायची नव्हती." हे ती पंपाकडे बघत म्हणाली. "तुम्ही दोघं शिकायला बाहेर. घरात आम्ही दोघंच. हे घरात कधी धड बोलायचे का? गाडीत बसले की बोलायचे. मी मिस्त्रीकडून हा बसवला आणि दुकानदाराकडून कंपनीचा रिकामा खोका मागून आणला. हे आले, खोका बघितला, तारीख घातली, माळ्यावर ठेवला. संपलं."

"बाबांना कधीच कळलं नाही?"

"छे. उलट पाहुणे आले की बॉनेट उघडून दाखवायचे. 'पंप बघा, अस्सल आहे, विचारा हिला.' आणि मी आपली मान हलवायची. इतकी लाज वाटायची मला. म्हणून तर त्यांच्यामागे एवढं सांभाळत होते. एकदा फसवलं ते फसवलं, पुन्हा नको." तिने हनुवटीने खोक्याकडे खूण केली. "त्यात कोणता आहे?"

थोरल्याने खाली बघत सांगितलं, "मोर."

"चांगला चालतो," आई म्हणाली. "पण नियम मोडला तो मोडलाच. मी एकदा मोडला, आता तू. किती दिवस असं करत राहायचं? वकिलांना बोलावते संध्याकाळी."

ती उठली.   हातांना काहीतरी काम हवं म्हणून धाकटीने जुन्या पंपाची पट्ट्याची पुली सोडवायला घेतली, कारण ती नव्यावर चढवायची होती. चार स्क्रू निघाले, पुली अलग झाली. आतल्या चकतीवर वर्षानुवर्षांचं ग्रीस बसलं होतं. ते तिने पुसलं.

"आई," ती म्हणाली, "जरा इकडे ये."

लोखंडावर टोकदार काहीतरी घेऊन बारीक अक्षरं कोरलेली होती. वळण बाबांचंच होतं, आणि या वेळी ते थोरल्याने काढलेलं नव्हतं. 'तपासले. चालेल.' आणि खाली चौदा वर्षांपूर्वीची तारीख.

आईने ते एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पंप तिने कागदावर परत ठेवला नाही. ग्रीस लागत असताना तसाच मांडीवर घेऊन ती कठड्यावर बसली.

"चौदा वर्षांपूर्वी उघडून बघितला होता यांनी," ती हळूच म्हणाली. "आणि तरी पुढे बारा वर्षं, प्रत्येक पाहुण्यासमोर, 'विचारा हिला'."

तिचे खांदे हलू लागले. धाकटी घाबरून जवळ गेली, तेव्हा तिला दिसलं की आई हसते आहे आणि डोळ्यांतून पाणीही येतं आहे, आणि दोन्हीतलं काहीच तिला थांबवायचं नाही.

"लबाड," आई म्हणाली. बाबांना असं काही तिने कधी म्हटल्याचं मुलांनी ऐकलं नव्हतं, आणि इतक्या लाडाने तर नाहीच.

थोरल्याने धीर करून विचारलं, "मग वकिलांना काय सांगायचं?"

"खरं ते सांग," आईने डोळे पुसले, त्यामुळे ग्रीसचा एक पट्टा गालावर उमटला. "म्हणावं, या गाडीत अस्सल काही नाही. ते आपणहून यायचे बंद होतील. आणि लवकर बसव तो मोर, मला फिरायला जायचंय."